भीत भीत मारलेला कट

“मारतोस काय उस्तादांच्या लेथवर एक कट? का फाटली?”

वर्कशॉपातला दुसरा पोऱ्या संत्या असं बोलला आणि माझं टाळकं सटकलं. फाटली म्हणे! अख्ख्या वर्कशॉपच्या चपला एकाच वायरीत ओवून ठेवणारा मी. माझी फाटंल?

“बघच,” म्हणालो.

नाईकवडी उस्ताद जुम्याच्या नमाजाला गेलेले. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनवर, त्यांची सळई तशीच बांधलेली. करंगळीएवढी जाड, पण साधी नव्हं. नायटिनॉल. वाकवली, तापवली, की परत आपल्या मूळ आकारात. उस्तादांनी एकदा त्याच धातूची तार वेटोळी करून माझ्या चहाच्या ग्लासात टाकलेली. ताडकन सरळ झाली. चहा माझ्या चड्डीवर.

“ह्याला सगळं आठवतं,” एवढंच म्हणालेले.

ऑपरेशनची हत्यारं बनवणाऱ्या पार्टीनं एकच सळई दिलेली. दुसरी नव्हती. संध्याकाळी न्यायला येणार होते.

मी नववीत दोनदा बसलोय, पण लेथ येतो मला. हात एकदम हलका ठेवला. केसाएवढा कट. कातायच्या हत्याराचं टोक नुसतंच चरचरलं. घाबरून थांबवलं. परत केसाएवढा. परत थांबवलं. तिसऱ्यांदा सळई आरशासारखी चमकायला लागली.

“मानलं भावा,” संत्या म्हणाला.

तेवढ्यात दारात उस्तादांची सायकल वाजली. मी मशीन बंद केली, फडकं मारलं आणि शहाण्यासारखा झाडू हातात घेतला...

उस्तादांनी चष्मा लावला. मशीन सुरू केली.

टिक्. टोक तुटलं.

दुसरं लावलं. टिक्.

तिसरं. टिक्.

आवाज ऐकून मगदूम मालक बाहेर आले.

“काय उस्ताद, तीन टोकं? नीट दिसतंय न्हवं?”

उस्तादांनी तुटलेलं टोक मशीनवर ठेवलं.

“वय झालं तुमचं. उद्यापासनं ह्या मशीनवर दुसरा माणूस बसवतो. वाईट वाटून घेऊ नका.”

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मालक हापिसात गेले.

मग उस्तादांनी सळईवर अंगठ्याचं नख फिरवलं. हळू. एकदा. माझ्याकडं बघितलं.

“दिग्या.”

“जी उस्ताद.”

“ह्याला काय झालंय, ठाऊक हाय?”

“न्हाई.”

“कुणीतरी भीत भीत घासलंय. असं घासलं की हे कातडी टणक करून घेतं. जेवढं वरवर घासशील, तेवढं जास्त.”

“मी फक्त मशीन पुसली,” मी म्हणालो.

उस्तादांनी तेलाचा डबा बाजूला सरकवला.

“म्हणजे... पुसताना जरा हात लागला.”

“हं.”

“संत्या म्हणाला म्हणून जरा फिरवली. नुसती फिरवली, आईशप्पत.”

उस्ताद मापं घ्यायची आपली हत्यारं फडक्यात गुंडाळायला लागले. सव्वीस वर्षं ती हत्यारं त्याच मशीनच्या डोक्यावर असायची.

मी झाडू खाली टाकला.

मी हापिसाचं दार ढकललं. मालक फोनवर होते. म्हटलं, आता थांबलो तर मेलो.

“मालक, सळई मी बिघडवली. संत्यानं डिवचलं, पण हात माझा. उस्ताद नव्हते तवा तीनदा घासली आणि फडकं मारून झाकली. उस्तादांची नजर चांगली हाय. त्यांना न्हाई, मला काढा.”

मालकांनी फोन ठेवला. मग मला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या दोन मलापण नवीन होत्या. पण उठले. लेथकडं आले.

उस्ताद नवीन टोक लावत होते. गुंडाळलेलं फडकं परत उघडलेलं.

ह्या वेळी कट खोल धरला, त्या टणक कातडीच्या पार खालून. मशीन सुरू केली आणि कुठंच थांबले नाहीत. धातूची लांब वेटोळी निघत गेली. टोक टिकलं.

माप घेतलं. मालकांना दाखवलं. बरोबर होतं.

“उद्या आठलाच या, उस्ताद,” मालक म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी जवळ सरकलो.

“उस्ताद... तुम्हाला तर नख लावल्या लावल्या कळलेलं. मालकांना सांगितलं का न्हाई?”

उस्ताद सळई पुसत होते.

“तुझी टणक कातडी माझ्या कटानं निघाली नसती.”