सांडणीवरच्या तीन पोथ्या

एका राज्यात राजाच्या भांडारात सोने थोडे आणि पोथ्या फार होत्या. पण त्या भांडारात बसून राहत नसत. रुमालात बांधलेल्या पोथ्या सांडणीच्या, म्हणजे उंटिणीच्या, पाठीवरून गावोगाव हिंडत. सांडणी हाकायची हौसा. तिला अक्षर येत नव्हते. गावात शिरली की ती सांडणी बसवी, गाठ सोडी आणि विचारी, "कुठवर आलो होतो?" सारा गाव एका तोंडाने मागची हकीकत सांगे. मग गावातलाच कोणी पुढचे पान वाची. सांडणीवाल्याने आणायचे आणि गावाने वाचायचे, हाच रिवाज होता.

पुढे धवलकेतू गादीवर आला. त्याने पोथ्या पाहिल्या. पानापानाला हळदीची बोटे लागली होती, कुठे पिठाचे डाग होते. राजाला वाईट वाटले. त्याने धूम्रनाथ मांत्रिकाला बोलावले.

"माझ्या पोथ्यांना माणसाचा हात लागू नये."

"लागणार नाही, महाराज. पण हात अडवला की आणखीही काही अडते. चालेल?"

"चालेल," राजा म्हणाला. काय अडेल ते त्याने विचारले नाही.

मांत्रिकाने भांडाराच्या उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली. त्या दिवसापासून माणसांच्या सावल्या सुटू लागल्या. दररोज थोडी थोडी. सावली पुरती गेली की माणूस असेल तिथे बसे. डोळे उघडे, ओठ मिटलेले. भरवले तर गिळे, हाक मारली तर वळत नसे. तशी माणसे आपणहून पुन्हा उठत नसत.

हौसाची लेक वैजू. गोष्टी ऐकण्याची तिला भारी हौस. तिचे बोलणे आधी गेले, मग हसू गेले. एका सकाळी हौसाने पाहिले तर लेकीची सावली घोट्यापाशी उरली होती.

हौसाने वैजूला सांडणीवर बसवले, ओढणीने खोगिराला बांधले आणि ती भांडारापाशी आली. छपरावर एक साळुंकी बसली होती.

साळुंकी म्हणाली, "तीन पोथ्या काढ. तीन ठिकाणी वाचून घे. तिसऱ्या दिवसाचे ऊन कलले की तुझी लेक गेली."

"आत माणसाचा हात चालत नाही गं."

"तुझ्या सांडणीला हात आहेत कुठे?"

सांडणीने खिडकीतून मान घातली आणि दातांत धरून एकेक करत तीन रुमाल बाहेर काढले. एकाचे टोक तिने चावून खाल्ले. हौसाने तिला एक धपाटा दिला आणि वाट धरली.

पहिल्या दिवशी विहिरीचे गाव लागले. माणसे दारादारांत बसली होती. एका बाईच्या हातात पाखडायचे सूप तसेच होते. हौसाने गाठ सोडली आणि विचारले, "कुठवर आलो होतो?"

उत्तर विहिरीतून आले. "हरणी बोलू लागली, तिथवर."

हौसा वाकली. खाली पाण्यात गावाच्या सावल्या उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून, तोंडे वर करून. तिने पान पाण्यावर धरले. खालून शंभर आवाज हळूहळू वाचू लागले. पोथी संपली तेव्हा सावल्या पायऱ्यांनी वर आल्या आणि ज्याच्या त्याच्या पायांशी बसल्या. बाईने सूप हलवले. वैजूची सावली आली नाही. ती त्या विहिरीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी धनगरांचा पाडा लागला. तिथल्या सावल्या चिंचेला वटवाघळांसारख्या लटकल्या होत्या. हौसाने पान उचलून धरले.

"उलटं धरलंस गं, बाई!" एक सावली ओरडली.

"राहू दे की," दुसरी म्हणाली. "आपण तरी कुठं सुलट आहोत?"

फांद्या खदखदून हसल्या. खाली बसलेल्या धनगरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. पण पोथी संपली तसा एकेक जण उठला आणि आपली मेंढरे हाकू लागला.

वैजूची सावली आता नखाएवढी राहिली होती.

तिसऱ्या दिवशी हौसा लेकीला घेऊन राजसभेत आली. धवलकेतू भर सभेतही छत्राखाली बसे. छत्राखालचा काळोख दाट होता आणि तो हलत होता. राजधानीच्या साऱ्या सावल्या तिथे राजाला चिकटल्या होत्या.

"बंधन मोडलेस?" राजाने विचारले.

"सांडणीने मोडले. तिला हुकूम कळत नाही, महाराज. कुठवर आलो होतो?"

राजाने तिच्या हातातल्या पोथीकडे पाहिले. "मला कोणी कधी वाचून दाखवलेच नाही," तो म्हणाला. "मी नुसता राखत आलो. बाई, इथे फार गारठा आहे. रात्रंदिवस कोणीतरी कानाशी ओठ हलवते. शब्द ऐकू येत नाही."

"मग पहिल्या पानापासून वाचा."

राजा वाचू लागला, हुकूम वाचावा तसा भराभर. काही झाले नाही. ऊन खांबावर चढत होते.

"महाराज, ऐकणाऱ्याकडे बघून वाचा," हौसा म्हणाली. तिने वैजूला पुढे बसवले. "माझी लेक चालली हो."

तेव्हा राजा छत्राबाहेर आला. सभेने पाहिले, राजालाही सावली नव्हती. तो वैजूसमोर जमिनीवर बसला आणि हळू वाचू लागला. एक म्हातारी शेळी घेऊन नदीवर येते. नाव मिळते. म्हातारी पार होते, चूल मांडते, भाकरी थापते...

"अहो, थांबा की!" वैजू म्हणाली. "शेळी मागंच राहिली ना!"

राजाने पान मागे उलटले. "खरंच की. राहिलीच." आणि तो हसला.

छत्राखालचा काळोख सांडला. सावल्या सभेतून धावत सुटल्या, दारांतून, गल्ल्यांतून आपापल्या माणसांकडे. एक राजाच्या पायाशी थबकली. भांडाराच्या उंबऱ्यावरची राख उडाली. तिथे धूम्रनाथाचा अंगरखा उभा होता, आत कोणी नसलेला. मग तोही खाली पडला.

पुढे राजाने चाळीस सांडण्या घेतल्या. डागांसकट पोथ्या राज्यभर फिरू लागल्या आणि विहिरींत पुन्हा नुसते पाणी राहिले. पण ते सारे नंतर. त्या दुपारी हौसा लेकीला जवळ घेऊन रडत होती आणि वैजू तिचा हात बाजूला सारत होती.

"आई, थांब ना जरा. ऐकू दे."

हौसाने डोळे पुसले. राजाने पान उलटले. ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांची सावली त्यांच्या पायांशी राहो.