बाहेरकडीचे वीर

फार पूर्वी, गावे आपला प्रमुख आपणच निवडत त्या काळी, एका टेकडीवर बाहेरकडी नावाचे गाव होते. इतर गावांच्या वेशीला आतून आगळ असते. या गावाच्या वेशीची लोखंडी कडी बाहेरून होती. परगावचे लोक थट्टेने म्हणत, "बाहेरकडीकर झोपताना वाटसरूला सांगतात, बाबा, जाताना दार लाव." गावकरी हसत आणि सोडून देत. कडी बाहेर का, हे विचारण्याची सवय गावाला राहिली नव्हती.

गावाच्या देवळामागे एकशे दहा चिऱ्यांची ओळ होती. ते लढाईत पडलेले पूर्वज, अशी सर्वांची श्रद्धा होती. दर अमावास्येला त्यांना शेंदूर लागे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराखाली चिऱ्यांवर काय कोरले आहे, हे दिसेनासे झाले होते.

एका वर्षी पाऊस झाला नाही. टेकडीवरच्या तळ्यात थोडे पाणी होते. नदीपलीकडच्या गावाच्या विहिरी मात्र कोरड्या पडल्या. तेथील दोनशे माणसे लेकराबाळांसह येऊन वेशीबाहेर बसली. त्याच आठवड्यात बाहेरकडीचा वृद्ध प्रमुख निवर्तला होता. नव्या प्रमुखाच्या शब्दावाचून परक्यांना वेस उघडत नसे. म्हणून गावाने दुसऱ्याच दिवशी निवड करण्याचे ठरवले.

दोघे उभे राहिले. एक होता बारा वर्षे राजधानीत राहून आलेला पंडित. सात राजांच्या वंशावळी त्याला मुखोद्गत होत्या. दुसरी होती गावची सुईण. नदीच्या दोन्ही तीरांवरची निम्मी माणसे तिच्या हातून जगात आली होती. रीत अशी होती, की दोघांनी देवळासमोर बोलावे आणि मग प्रत्येक घराने एक सुपारी आपल्या पसंतीच्या माणसाच्या कलशात टाकावी.

पंडित आधी बोलला, आणि सुरेख बोलला. त्याने युद्धे सांगितली, तिथ्या सांगितल्या. मग तो कडीकडे वळला. शत्रूचे सैन्य आपल्या पूर्वजांनी युक्तीने गावात घेतले, बाहेरून कडी घातली आणि आत त्याचा निःपात केला, असे त्याने सांगितले. तो शत्रू नदीपलीकडचाच होता. "म्हणून तर ते लोक आजही आपल्या वेशीपाशी आले की पायताण काढतात," तो म्हणाला. "हरलेल्यांची खूण आहे ती. त्यांना पाणी देणे म्हणजे आपल्या वीरांचा अपमान करणे."

लोकांच्या माना ताठ झाल्या. आपण विजेत्यांचे वंशज आहोत, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

सुईण उभी राहिली तेव्हा कोणीतरी तिला सात राजांची नावे विचारली. तिला तीनच आली. हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "आक्का, नाळ कापणे वेगळे आणि गाव चालवणे वेगळे."

"खरे आहे, आबा," ती म्हणाली. "नाळ चुकीची कापली तर लगेच कळते. गावाचे कळायला दोन पिढ्या जातात."

म्हाताऱ्याने मान खाली घातली, पण हसू त्यालाही आवरले नाही.

मग तिने सर्वांना देवळामागे नेले. गेल्या श्रावणात एका चिऱ्याचे शेंदराचे कवच आपोआप गळून पडले होते. गुरवाने तो चिरा भक्तिभावाने वस्त्राखाली झाकून ठेवला होता. सुईणीने हात जोडले, देवाची क्षमा मागितली आणि वस्त्र बाजूला केले.

चिऱ्यावर तलवार नव्हती. पाळणा कोरलेला होता.

"पंडित," ती शांतपणे म्हणाली, "हे मूल कोणती लढाई लढले?"

मग नदीपलीकडे बाळंतिणींच्या उशाशी बसून वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जे ऐकले होते, ते तिने सांगितले. एका वर्षी बाहेरकडीत महामारी आली. पळून जाणे शक्य होते. पण पळणाऱ्याबरोबर रोगही नदी ओलांडणार होता. गावाने देवासमोर शपथ घेतली आणि पलीकडच्यांना बोलावून सांगितले, वेशीला बाहेरून कडी घाला; आमचा धीर सुटला तरी उघडू नका. त्यांनी रडत कडी घातली आणि रोज वेशीवरून धान्य आत सोडले. एकशे दहा माणसे गेली. पलीकडे एकही गेले नाही.

"पायताण आपण समाधीपाशी काढतो," सुईण म्हणाली. "ते आपल्याला भीत नाहीत. आपले मेलेले त्यांनी लक्षात ठेवले, आपण विसरलो. ज्यांच्यासाठी ही माणसे गेली, त्यांचेच वंशज आज बाहेर तहानलेले आहेत. त्यांना परत पाठवले, तर हे एकशे दहा आज आपल्या हातून पुन्हा मरतील."

पंडिताचा चेहरा उतरला, तरी तो म्हणाला, की रोगाने मेलेल्यांच्या कथेने कोणत्या गावाची छाती फुगेल? ज्या म्हाताऱ्याने थट्टा केली होती, तोच त्याला म्हणाला, "माझी फुगली आहे, बाबा. शत्रूला कोंडणारे पुष्कळ असतील. दुसऱ्यासाठी स्वतःला कोंडून घेणारे माझे पूर्वज होते, हे मला आज कळले."

सुपाऱ्या पडल्या. पंडिताच्या कलशात अकरा निघाल्या, बाकी साऱ्या सुईणीच्या. त्याच्या भाऊबंदांची घरे बारा होती, आणि बारावे त्याच्या आईचे होते.

सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी वेस उघडली. पुढच्या पावसापर्यंत दोन्ही गावांनी माणशी दोन तांबे पाण्यावर दिवस काढले. गुरे गेली, पिके गेली. माणूस एकही गेला नाही.

तेव्हापासून त्या गावात प्रमुखपदासाठी उभे राहणाऱ्याला राजांची नावे विचारत नाहीत. त्याला एवढेच विचारतात: "पूर्वजांचे कोणते ओझे तुम्ही स्वतः उचलाल?" पुष्कळजण तेथेच खाली बसतात.

तात्पर्य: जो पूर्वजांचे सत्य जाणतो आणि त्यांचे व्रत पुढे चालवतो, त्याच्याच हाती गाव सोपवावे.