तिसरी हाक

पूर्वी शूर्पारक बंदरी सूरसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथल्या एका समुद्रव्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव क्षेमंकर. त्यांची स्वतःची एक नाव होती, ती कर्जाशिवाय बांधलेली होती, आणि एवढ्या दोन गोष्टींवर ते सुखी होते.

त्या काळात एकदा समुद्राची वाटच बंद पडली. दूर पश्चिमेला, जिथे दोन किनारे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्या अरुंद सामुद्रधुनीवरून दोन राजांचे भांडण जुंपले. दोघेही म्हणत, ही वाट माझी. त्यामुळे ती वर्षभर कोणाचीच राहिली नाही. काही नावा निम्म्यातून परत फिरल्या, काही दूरच्या बेटांना वळसा घालत राहिल्या, काहींचा पत्ताच लागला नाही. शूर्पारकात तांबे मिळेनासे झाले. तांबटांनी जुनी भांडी वितळवून नवी केली, मग तीही संपली. नवऱ्या मुलींना मातीची मडकी घेऊन सासरी जावे लागले आणि त्यांच्या आयांनी दोन्ही राजांचा यथेच्छ उद्धार केला.

मग वारा फिरला आणि अडकलेल्या नावा एकदमच परत आल्या. एकोणीस नावा, आणि धक्का एक. बंदरात नुसता गोंधळ उडाला असता. पण तिथे स्थिरमती होता.

स्थिरमती हा शुल्काध्यक्ष, म्हणजे बंदरातल्या मालावर राजाचा कर घेणारा अधिकारी. माणूस नाकासमोर चालणारा. त्याला कोणी सुपारीचे खांड दिले तरी तो ते आधी राजाच्या नावे लिहून घेई आणि मग परत करी. त्याने एकोणीस नावांना आल्या क्रमाने पाळी लावून दिली. दिवसाला एक नाव.

तिथली रीत अशी होती. धक्क्यावर राजाचा ध्वज उभा असे. ज्याची पाळी असेल त्या व्यापाऱ्याने ध्वजाखाली उभे राहून माल पुकारायचा: काय आहे, किती आहे, कोण घेतो. अशा तीन हाका द्यायच्या. दुसऱ्या हाकेपर्यंत शब्द फिरवता येई, तिसऱ्या हाकेनंतर नाही. तिसरी हाक झाली की त्या मालाची नाव ताबडतोब ओढून धक्क्याला लावत. माल कोणाचाही असो, हाक देईल तोच त्याचा धनी. नफा त्याचा आणि दंडही त्याचा. नावेवर शुल्कशाळेचा शिक्का बसेपर्यंत एकाही माणसाने खाली उतरायचे नाही, उतरला तर तो चोरटा माल उतरवणारा समजायचा. आणि सर्वांत कडक नियम मुद्रेचा. देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर लाखेची राजमुद्रा असे. ती फुटलेली सापडली तर मालाच्या किमतीच्या आठपट दंड, आणि तो भरता आला नाही तर राजाच्या खाणीत आयुष्यभर काम.

पहिली पाळी बोधिसत्त्वांची होती. त्यांची नाव बेटांना वळसा घालून आली होती आणि तिच्यात गळ्यापर्यंत तांबे भरलेले होते. साऱ्या नगरात तेवढेच तांबे. तांबट पहाटेपासून धक्क्यावर जमले होते आणि एकमेकांकडे वैऱ्यासारखे पाहत होते. बोधिसत्त्वांचा कारभारी नंदक याचे तर आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. "मालक," तो म्हणाला, "आज तुम्ही नुसतं तोंड उघडा. भाव हे लोकच चढवतील."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे आली. ती काथ्या वळणारी गौरिका. शूर्पारकातल्या नावांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, आणि निम्म्या बंदराची दोरी हिच्या हातची असे.

"दादा, ती शेवटची नाव बघा," ती म्हणाली. "बुडतेय ती."

बोधिसत्त्वांनी कपाळावर हात धरून पाहिले. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यापलीकडे, तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, तिष्य याची नाव नांगर टाकून उभी होती. "नीट उभी दिसते की."

"उभी कसली! बाकीच्या नावा लाटेसरशी वर उचलतात. ती उचलते का बघा. पोटात पाणी भरलंय तिच्या. माझ्या दोरीची शिवण बारा महिने टिकते, मग ती बदलावीच लागते. या मेल्यांनी आज वाट उघडेल, उद्या उघडेल म्हणून परक्या बंदरात दिवस काढले आणि शिवण बदललीच नाही. पंधरावा महिना चालू आहे, दादा. माझे घरधनी आहेत तिच्यात. बासष्ट माणसं आहेत."

"मग तिष्य आत येऊन सांगत का नाही? स्थिरमती कडक आहे, पण दुष्ट नाही."

गौरिकेने आवाज खाली आणला. "पाणी विकणारा होडीवाला निरोप घेऊन आलाय. माल विकला गेला नाही, तसाच परत आणला होता. पण वाटेत फटी पडल्या, तेव्हा त्यांनी गठ्ठे फोडले आणि कापड फटींत ठासलं. सगळ्या मुद्रा फुटल्यात. आत आलं तर खाण, बाहेर राहिलं तर समुद्र. तांडेल घाबरून बसलाय." मग तिने डोळे पुसले आणि कामाचे बोलली. "आज अमावास्येचं उधाण आहे. भर दुपारच्या भरतीला ती जड नाव दांड्यावरून आत येईल. उद्या पाणी तेवढं चढणार नाही. आणि उद्यापर्यंत ती तरणारही नाही."

बोधिसत्त्वांनी मनात हिशेब केला. आपली पाळी सोडली तर ती दुसऱ्या नावेला जाईल, शेवटच्या नावेला नाही. स्थिरमतीला विनवणी करावी तर तो नियम वाचून दाखवील, आणि वाचेपर्यंत ओहोटी लागेल. मग एकच वाट राहिली होती आणि ती ध्वजाखालून जात होती. ती दिसताच त्यांच्या अंगात असा उत्साह आला की ते हसले.

"गौरिके, घरात काथ्या असेल तेवढा घेऊन ये," ते म्हणाले आणि ध्वजाकडे निघाले.

धक्का शांत झाला. तांबटांनी थैल्या सरसावल्या.

"कापड!" बोधिसत्त्वांनी खणखणीत आवाजात पुकारले. "तीनशे गठ्ठे. तांडेल तिष्याची नाव, ओळीत शेवटची. कापड भिजलेलं, मुद्रा फुटलेल्या. कोण घेतो? हाक पहिली!"

कोणाचा कानांवर विश्वास बसेना. "तांबं कुठं आहे?" असा एक आवाज उठला आणि मग पन्नास उठले. नंदकाचा चेहरा पांढराफटक पडला.

स्थिरमती आसनावरून उठून पुढे आला. "क्षेमंकर, फुटलेल्या मुद्रेला आठपट दंड आहे. आणि हाक देणाराच धनी. विसरलात का?"

"विसरलो नाही, अध्यक्षमहाराज."

"तुमचं सगळं तांबं विकूनही तो दंड फिटायचा नाही."

"तेही ध्यानात आहे. कापड! तीनशे गठ्ठे, भिजलेलं, मुद्रा फुटलेल्या. कोण घेतो? हाक दुसरी!"

आणि नेमक्या त्याच वेळी खाडीत एक हलकी डाकहोडी शीड फुगवून घुसली. तिच्यावरचा माणूस दोन्ही हात हलवत ओरडत होता. "वाट उघडली! दोघा राजांचा तह झाला! तीस नावा मागून येतायत, तांब्यानं भरलेल्या! दोन दिवसांत इथं पोचतील!"

धक्क्यावर एकच जल्लोष उसळला. पण व्यापाऱ्यांची डोकी जल्लोषातही चालतात. सगळ्यांना एकदम कळले की तांब्याचा हा भाव आजच्या दिवसापुरता आहे. नंदक धावत आला आणि त्याने बोधिसत्त्वांचा हात घट्ट धरला. "मालक, अजून तिसरी हाक झाली नाही! शब्द फिरवा! आत्ता तांबं बोला, नाहीतर परवा ते दगडाच्या भावानं जाईल. दंडापायी नाव जाईल, घर जाईल. हात जोडतो तुमच्यापुढं!"

बोधिसत्त्वांना भीती वाटली, ते खोटे कशाला सांगावे? त्यांच्या डोळ्यांपुढे राजाची खाण आली, अंधारात दगड फोडणारे आपलेच हात आले. तेवढ्यात गौरिका काथ्याची भेंडोळी खांद्यावर घेऊन परत आली आणि खाडीकडे पाहून किंचाळली. "उपसणं थांबलं! ते डोलकाठीवर चढतायत!"

"कापड!" बोधिसत्त्व गरजले. "तीनशे गठ्ठे! हाक तिसरी!"

आता स्थिरमतीलाही मागे फिरता येत नव्हते, कारण नियम त्याचाच होता. त्याने हात वर केला आणि ओढणाऱ्या होड्या सुटल्या. भरती अगदी काठोकाठ आली होती. वल्हवणारे कमी पडताहेत असे दिसताच सकाळपासून रागाने धुमसत असलेल्या एका म्हाताऱ्या तांबटाने आपली थैली खाली टाकली आणि शिव्या देत होडीत उडी घेतली. त्याच्यामागून दहा तांबट गेले. दोर बांधले गेले, वल्ही पाण्यात पडली. नाव दांड्यावर एकदा घासली, थांबली, सगळा धक्का ओरडला, आणि मोठ्या लाटेवर ती करकरत आत आली.

नाव धक्क्याला लागली. बासष्ट माणसे नावेच्या काठाशी उभी होती, पण शिक्का नव्हता, म्हणून कोणी पाय खाली ठेवीना. स्थिरमती नावेवर चढताच तिष्य त्याच्या पायांवर कोसळला. त्याला उठवून स्थिरमती नावेच्या पोटात उतरला. मागोमाग बोधिसत्त्व उतरले. आत मांडीइतके पाणी होते आणि दोन्ही अंगांच्या फटींत कापड गच्च कोंबलेले होते.

"हा मुद्रेचा माल," स्थिरमती म्हणाला. "पाहणीसाठी बाहेर काढा."

कोणी हलले नाही. तेव्हा आपले काम स्वतः करायची सवय असलेल्या त्या माणसाने वाकून एक बोळा स्वतःच ओढून काढला.

पाण्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर बसला. पागोटे उडाले. बोळा हातातून निसटून वाहून गेला. स्थिरमतीने तळहात लावला, पाणी बोटांतून उसळले. पाठ लावली, पाणी बगलेतून आले. "अरे, दाबा! कोणीतरी दाबा!" असे ओरडत त्याने अंगावरचे रेशमी उत्तरीय ओढले आणि दोन्ही हातांनी फटीत ठासले. पाणी थांबले. शूर्पारकाचा शुल्काध्यक्ष उघड्या अंगाने, धापा टाकत, नावेला मिठी मारून उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज," बोधिसत्त्व नम्रपणे म्हणाले, "एक शंका आहे. हे उत्तरीय आपण मुद्रेशिवाय नावेवर आणलंत. याला माल समजायचं की नाव?"

वरून डोकावणारा एक खलाशी फिस्सकन हसला आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला.

स्थिरमती हसला नाही. स्वतःवर दंड बसला असता तर तो त्याने निमूटपणे भरला असता. त्याची त्याला भीती नव्हती. पण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून त्याला राहवत नसे. त्याने आपल्या हातांखालच्या रेशमाकडे पाहिले, मग दोन्ही अंगांच्या कापडाकडे पाहिले.

"हे काढलं तर नाव बुडते," तो सावकाश म्हणाला. "माल काढला म्हणून नाव कधी बुडत नाही. तेव्हा हा माल नाही, ही नावच आहे. नावेला शुल्क नाही आणि मुद्राही नाही." मग तो एकदम गरजला. "लेखनिकाला सांगा, दंड नाही! शिक्का मारा! आणि ती माणसं उतरवा आधी, माझे हात भरून आलेत!"

बासष्ट माणसे उतरली. त्यांच्यात शेवटचा तिष्य होता, आणि त्याच्याही मागून स्थिरमती व बोधिसत्त्व आले. गौरिकेने नवऱ्याला पाहताच आधी शिवण न बदलल्याबद्दल चारचौघांत झापले आणि मग त्याच्या खांद्यावर डोके ठेवून ती रडली. तिने आणलेल्या काथ्याचा उपयोग झाला नाही. ओहोटी लागायच्या आत नाव धक्क्याशीच तळाला बसली.

बोधिसत्त्वांची पाळी गेली होती, म्हणून ते ओळीच्या शेवटी गेले. अठरा दिवसांनी त्यांचे तांबे साध्या भावाने विकले गेले. नंदक महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत असे. स्थिरमतीने मात्र ध्वजाच्या खांबाखाली एक नवा नियम कोरून घेतला: गळकी नाव आधी घ्यावी, तिचे नियम मागाहून पाहावेत.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा स्थिरमती म्हणजे आज तुम्हाला विनयाचे नियम शिकवणारे हे वृद्ध स्थविर. गौरिका म्हणजे आपली फाटकी चीवरे शिवून देणारी ती वृद्ध भिक्षुणी. नंदक म्हणजे तिसऱ्या रांगेतला तो, जो स्वतःची भिक्षा रोज शेजाऱ्याच्या पात्राशी ताडून पाहतो. आणि क्षेमंकर मी होतो."

भिक्षू हसले. मग एकाने विचारले, "भंते, आणि तो तांडेल?"

शास्त्यांनी दाराकडे पाहिले. उंबऱ्याबाहेर एक भिक्षू अंग चोरून बसला होता. त्याच्या हातून एक अपराध घडला होता आणि तो कबूल करण्याच्या धास्तीने तो नऊ दिवस सभेत आला नव्हता.

"तो तांडेल तू," शास्ते म्हणाले. "ये, आत ये. किती पाणी भरलंय ते आधी पाहू."

तो भिक्षू उठला, उंबरा ओलांडून आत आला आणि सर्वांसमोर त्याने आपला अपराध सांगितला. सांगताना तो रडला. नियम शिकवणारे स्थविर थोडे सरकले आणि त्यांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले.

"भिक्षूंनो," शास्ते म्हणाले, "हिला करुणा म्हणतात."