उरलेला शाफ्ट

जीपचे सुटे भाग अजून आपापसात बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. हुसेनमिस्त्रींनी जन्मभर ट्रकच दुरुस्त केले होते. मार्तंडरावांची जुनी जीप त्यांनी खोलली, प्रत्येक भागावर खडूने खूण केली आणि मग सगळे भाग रॉकेलने धुऊन काढले. खुणाही धुऊन गेल्या.

गोणपाटावर एकच गोंधळ उडाला. "मी गिअरबॉक्स, एवढं नक्की," एक जण म्हणाला. "पण माझ्या मागे चिकटलेला ठोकळा कोण?"

"मलाही कळेना," ठोकळा म्हणाला. "तुझ्याकडून जोर घ्यायचा आणि वाटायचा, एवढंच आठवतंय."

"मग मला दे. मागची चाकं मी फिरवतो," लांब शाफ्ट म्हणाला.

आखूड शाफ्टही आठवू लागला. "मला नुसता चिखल आठवतोय," तो म्हणाला. सगळे त्याला हसले.

जीप जोडून झाली, पण ठोकळ्याच्या पुढची जागा रिकामी राहिली आणि आखूड शाफ्ट उरलाच. "पुढची चाकं वळायला असतात, ओढायला नव्हे," असं म्हणत मिस्त्रींनी तो खिळ्याला टांगला. जीप झकास पळाली. मार्तंडराव खूश झाले.

आठवड्याने ती ओढ्यात रुतली. पाणी चढत होतं. मार्तंडरावांनी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, पण मागचीच चाकं जागच्या जागी गरगरत राहिली.

"अरे, मला एकट्याला झेपेना! पुढच्या चाकांनाही दे की!" लांब शाफ्ट ओरडला.

"कधीचा देतोय," ठोकळा म्हणाला. "घ्यायला तिथं कोणी नाही."