खोट्याने मिळालेले पाणी

सीना नदीच्या अलीकडे, माळाच्या कुशीत पिंपळदरा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत शांतवनबाबांचा पुष्कळ वर्षे मुक्काम होता; लोक त्यांना महाराजही म्हणत. एकतारीवर प्रभूची पदे म्हणावीत, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, मिळेल ती भाकर आनंदाने खावी, असा त्यांचा क्रम. सगुणाबाई साळवे नावाची एक गरीब विधवा तेथले प्रार्थनामंदिर झाडीत असे. बाबांचा शब्द तिला प्रमाण होता.

वस्तीच्या वर गायरानात एक झरा होता. पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याचेच पाणी पीत. रंगराव इनामदारांनी एकाएकी तिथे कुंपण घातले आणि कोंडिबा नावाचा म्हातारा राखणदार बसवला. वस्ती खवळली. हबेल मुकादम पुढारी झाला. माणूस धडाडीचा, पण मोठा गर्विष्ठ. त्याच्या खटपटीने मामलेदारांकडे अर्ज गेला आणि चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी भलतेच घडले. झऱ्याच्या वाटेवरचा वस्तीचा सागवानी क्रूस कोणी उपटून ओढ्यात टाकला होता. हे कोंडिबाचेच काम, असे हबेलने सर्वांना सांगितले. लोक संतापाने लाल झाले.

सगुणाबाईला मात्र खरे ठाऊक होते. त्या पहाटे ती सरपणाला गेली होती. हबेल आणि त्याचे दोन सोबती क्रूसाला दोर लावून ओढताना तिने बोरीआडून पाहिले होते. खालून कुजला असेल, बदलत असतील, असे समजून ती निघून आली होती.

ती आधी एकटीच हबेलच्या घरी गेली. चारचौघांत त्याची अब्रू जाऊ नये, त्याने आपणच कबूल करावे, एवढीच तिची इच्छा. हबेल हसला. म्हणाला, "झाडू मारणाऱ्या बाईनं झाडूच मारावा. झरा तुलाही हवाय ना? मग तोंड मीट."

दुपारपर्यंत वस्तीत कुजबुज सुरू झाली. सगुणाबाईच्या घरी इनामदारांकडून ज्वारी येते म्हणे. ती दिसली की बायका बोलता बोलता थांबत. शेजारणीने तिच्या हातचे पाणी नाकारले. आता तिलाही प्रत्येकाचा संशय येऊ लागला. हबेलचे तिसरे, चौथे सोबती कोण? ही शेजारीणही त्यांतलीच का? आणि मग नको तो विचार मनात आला. बाबांना ठाऊक असेल का? ठाऊक असून ते झऱ्यासाठी गप्प असतील का? तिने कानशिलात मारून घेतली, पण विचार जाईना.

उन्हे उतरताना लोकांनी कोंडिबाला दोराच्या काढण्या लावून ओढ्याकाठी आणले. त्याच्या कपाळातून रक्त येत होते. बाबाही तिथे येऊन उभे राहिले. त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. ती नजर क्षणभर सगुणाबाईवर थांबली, असे तिला वाटले. हबेलने काठी उगारली तशी ती पुढे झाली.

"त्याला मारू नका. क्रूस हबेलदादांनी पाडला. मी पाहिलंय."

लोक तिच्यावर धावून गेले. हबेल म्हणाला, "बघा, इनामदाराची ज्वारी बोलतेय!"

महाराजांनी हात वर केला. गर्दी थबकली. ते म्हणाले, "आधी प्रभूचा क्रूस चिखलातून काढा. हबेल, तूच काढ."

हबेलने सोबत्यांसह क्रूसाला हात घातला. सकाळी त्यांनीच तो सहज फरफटत आणला होता. आता तो तसूभर हलेना. आणखी माणसे आली, दोर आला. घामाने सारे निथळले, पण क्रूस जणू जमिनीत रुजला होता. मग महाराजांनी कोंडिबाला सोडवले आणि त्याला व सगुणाबाईला हात लावायला सांगितले. एक मार खाल्लेला म्हातारा, एक अर्धपोटी विधवा! दोघांनी क्रूस उचलला आणि काठावर आणून ठेवला. प्रभूची लीला कोणाला कळावी!

हबेलचे दोन्ही सोबती पुढे आले. त्यांनी सारे कबूल केले. हबेल पुटपुटला, "बाबा, मी हे झऱ्यासाठी केलं. क्रूसाचा आळ इनामदाराच्या माणसावर आला की मामलेदार आपल्या बाजूने होतील, असं वाटलं. उद्या खरं सांगितलं तर झरा जाईल."

महाराज म्हणाले, "गेला तर जाऊ दे. खोट्याने मिळालेले पाणी मी वस्तीच्या लेकरांना पाजणार नाही. इनामदार वाईट वागले म्हणून आपल्याला वाईट वागायची मोकळीक मिळत नाही. उद्या मामलेदारांपुढे तूच सांगशील."

सगुणाबाई रडत बाबांच्या जवळ गेली. आपण त्यांच्यावरही संशय घेतला, हे तिने सांगून टाकले. महाराज हळूच म्हणाले, "बाई, संशय मलाही होता. हबेलचाच. पण नुसत्या संशयावर कोणाचे नाव कसे घ्यावे? तू पाहिले होतेस, आणि तू बोललीस."

तेव्हा कोंडिबा पुढे होऊन बोलला. झरा पहिल्यापासून गावचाच आहे, हद्दीचे दगड त्याने स्वतः इनामदारांच्या हुकमाने सरकवले आहेत. नोकरी गेली तरी चालेल, उद्या हे मामलेदारांना सांगेन, असे तो म्हणाला.

हबेल बाबांच्या पायांकडे वाकला. महाराज मागे सरले आणि त्यांनी सगुणाबाई व कोंडिबाकडे बोट दाखवले. हबेलने डोक्यावरचे पागोटे काढले. आधी त्याने सगुणाबाईपुढे मान खाली घातली. मग तो चिखलात गुडघे टेकून कोंडिबाच्या पायांवर डोके ठेवून पडला, आणि कोंडिबाने उठवले तरी बराच वेळ उठेना.