टिटवीची रांग

फार जुन्या काळी तळ्याकाठी एक टिटवी झोपलेल्या प्राण्यांना त्यांनी सांगितलेल्या वेळी उठवायची. त्यासाठी ती सारखी एकेकापाशी धावत त्याला हलवून विचारायची, "तुमची वेळ झाली का?" एकदा ती हत्तीला विचारत असतानाच कासविणीची अंडी राखायला उठायची वेळ टळली आणि घोरपडीने ती खाल्ली.

टिटवी फार हळहळली. मग तिने सगळ्यांची रांग लावली. ज्याला आधी उठायचं, तो पुढे. ती फक्त पहिल्यावर लक्ष ठेवू लागली.

रांगेच्या पहिल्याच सकाळी सशीण सर्वांत शेवटी आली. "दुपारी पिल्लांना पाजायचंय गं." टिटवीने तिला हत्तीच्याही पुढे झोपवलं.

हत्ती चिडला. "मी आधी आलोय!"

"पण दादा, तुम्हाला संध्याकाळी उठायचंय."

सशीण दुपारी वेळेवर गेली. संध्याकाळी टिटवीने हाक मारली, तेव्हा हत्ती आळस देत म्हणाला, "आज पहिल्यांदाच सलग झोप लागली बघ."