दांड्याची गती

“मग हा मंदावत का नाही?”

केळुसकर सरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

श्रीरंग याच प्रश्नाची वाट बघत होता. पुण्याहून आंबोलीला तो आला होता तो यासाठीच. आकाशगंगेसारख्या दीर्घिकांमधल्या अदृश्य द्रव्याच्या शोधात सरांनी हयात घालवली होती. आणि त्यांच्याच या शिष्यानं त्या द्रव्यावाचूनही भागतं, असं गणित मांडलं होतं.

“दीर्घिकेच्या मधोमध ताऱ्यांचा हा दांडा फिरतो, सर. भोवती तुमचं अदृश्य द्रव्य असतं, तर त्यानं याला मागं ओढलं असतं. गती उतरली असती. मी ते द्रव्यच काढून टाकलं. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला. आता ओढायला कुणी नाही.”

“हं...”

सर बघत राहिले.

“बारीक होत चाललाय रे हा.”

“हो, लवकर तयार होतो, पुढं क्षीण होतो. पण वेग बघा ना!”

“वेग आहे खरा.” मग सरांनी हळूच विचारलं, “आई गेली तेव्हा घरी किती राहिलास?”

श्रीरंग गडबडला.

“अग्नी दिला नि निघालो. गणितं चालू होती... बाबाच म्हणाले, जा.”

“आणि नंतर?”

“नंतर काम. कुठंच थांबलो नाही.”

हे तो सगळ्यांना ताठ मानेनं सांगायचा. आज मान खाली गेली.



त्यानं लॅपटॉप मिटला. “येतो, सर. पेपर पाठवायचाय.”

तो उठला, तसं सरांनी त्याचं मनगट धरलं.

म्हातारा, थरथरता हात. जरा हिसका दिला असता तरी सुटला असता. दवाखान्यात आईनंही असंच धरलं होतं. कामाचा फोन वाजला, म्हणून त्यानं तिची बोटं अलगद सोडवली होती. बोलणं आटपून परत आला, तेव्हा ती गेलेली.

श्रीरंग परत खाली बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं.

सरांनी मनगट सोडलं नाही.

“माझं गणित चुकलंय का, सर?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

“नाही रे. बरोबर असेल ते. पाठव पेपर.”

सरांनी दुसऱ्या हातानं मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला.

“...आज मात्र आईला मागं ओढू दे.”